कागदावरची बाई ओरडत नाही

माझ्या बायकोला मी पंधरा दिवसांत दोनदा बाळंत केलं, ही गोष्ट आमच्या गोतावळ्यात आता सगळ्यांना पाठ आहे. बारसं असो की साखरपुडा, पंगत उठली की कोणीतरी म्हणतंच, "भाऊ, ते वहीचं सांगा न." मग मी सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. खरं तर मंदा एकूण तीनदा बाळंत झाली, पण तिसऱ्या खेपेचं मी कुठल्याच पंगतीत सांगितलेलं नाही. आणि राठोड मॅडमचं नाव तर त्या हसण्यात अर्धवटच येतं. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतो.

यवतमाळच्या बाहेर, रस्त्याकाठच्या एका खासगी नर्सिंग स्कूलमध्ये मी कारकून आहे. स्कूलचं नाव सांगत नाही, कारण पगार अजून तिथूनच येतो. दोन वर्षांचा कोर्स. मुली येतात त्या नेर, आर्णी, दिग्रसकडच्या खेड्यांतून, तांड्यांवरून. कोर्सच्या शेवटी प्रत्येकीला एक वही दाखवावी लागते. तिच्यात त्या मुलीनं स्वतःच्या हातानं केलेली बाळंतपणं लिहिलेली असतात. बाईचं नाव, वय, तारीख, मुलगा की मुलगी, वजन, आणि प्रत्येक ओळीपुढे शिकवणाऱ्या मॅडमची सही. वही भरली नाही तर परीक्षा नाही.

आमच्या बत्तीस मुलींच्या वह्या जवळजवळ कोऱ्या होत्या. कोऱ्या का होत्या, तर स्कूलच्या संचालकसाहेबांचं समोरच स्वतःचं हॉस्पिटल होतं आणि मुलींना 'प्रॅक्टिकल'साठी तिथं पाठवत. तिथं त्या काउंटरवर उभ्या राहत, सलाईनच्या बाटल्यांची खोकी उचलत, वॉर्ड झाडत. दोघी तर आळीपाळीनं साहेबांच्या आईचे पाय चेपायला होत्या. लेबर रूमच्या दाराला त्यांनी आतून कधी हात लावला नव्हता.

परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली तसं साहेबांनी मला आत बोलावलं. म्हणाले, "वानखडे, तुमचं अक्षर छान आहे."

आयुष्यात माझं कौतुक एवढ्या एकाच गोष्टीसाठी झालं आहे, आणि दर वेळी त्या कौतुकानं माझं नुकसानच केलं आहे. तीन दुपारी बसून मी बाळंतपणं लिहिली. पहिल्या दोन वह्यांतच बायकांची नावं संपली. मग मी घरातल्या काढल्या. एकाहत्तर वर्षांच्या मावशीला चोवीस वर्षांची केली. सासूबाईंना जुळं झालं. बाळं सगळी पावणेतीन किलोची, कारण तो आकडा मला दिसायला बरा वाटला. निशा नावाच्या मुलीच्या वहीत तीन तारखेला मी मंदाला मुलगा दिला आणि दोन पानं उलटून सतरा तारखेला मुलगी.

चौथ्या दिवशी मुलींना शिकवणाऱ्या राठोड मॅडम ती वही घेऊन ऑफिसात आल्या.

"बाबू, हे मंदा वानखडे कोण?"

मी म्हटलं, "घरचेच आहेत."

"तीन तारखेले पोरगा, सतराले पोरगी. बाई मोठी कामाची हाये तुमची. पेढे कुठी हायेत?"

शिपाई हसला. फी घेणारी बाई हसली. राठोड मॅडम हसल्या नाहीत. वही माझ्या टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "कागदावरची बाई ओरडत नाही. म्हणून तुमाले सोपं गेलं. खरं बाळंतपण पाह्यलं काय कधी?"

"आम्हा गडीमाणसांचं काय काम तिथी, मॅडम?"

"तेच तं. ज्यानं पाह्यलं नाई त्यानं लिहायचं, जिनं केलं नाई तिनं पास व्हायचं, अन सही मी करायची." एवढं बोलून त्यांनी माझ्याच पेनानं माझ्याच सुंदर अक्षरावर, पानावर पान, तिरप्या रेघा ओढल्या. बत्तीस वह्या. उभ्यानं.

बसलेलं मी त्यांना फारसं पाहिलंच नाही. उंची जेमतेम चार फूट अकरा इंच. दिग्रसकडच्या एका तांड्यावर जन्मल्या, शिकल्या, आणि पुढली सगळी उमर सरकारी दवाखान्याच्या लेबर रूममध्ये काढली. तिथलं टेबल त्यांना उंच पडे, म्हणून पायाखाली घ्यायला एक लाकडी पाट होता. निवृत्तीच्या दिवशी लोकांनी शाल-श्रीफळ दिलं. ते त्यांनी तिथल्याच आयाबाईला देऊन टाकलं आणि पाट तेवढा उचलून आणला. आमच्या स्कूलमध्ये फळ्यासमोर त्या त्याच पाटावर उभ्या राहून शिकवत.

वर्गात येणाऱ्या प्रत्येक मुलीची नखं त्या स्वतःच्या अंगठ्यानं चाचपून पाहत. "हात धुतले काय?" हा प्रश्न त्या मुलींनाच नव्हे, सगळ्यांना विचारत. एकदा संचालकसाहेब वाढदिवसाचा केक घेऊन वर्गात आले, तर पहिल्यांदा त्यांनाच विचारला. साहेब हसले. मॅडम पाटावर तशाच उभ्या. शेवटी साहेब खरोखर बेसिनकडे गेले, आणि आमच्या स्कूलच्या इतिहासात त्या बेसिनला त्या दिवशी पहिल्यांदा पाणी सोडावं लागलं.

दुसरी त्यांची खोड नावाची. बाईच्या अंगाला हात लावायच्या आधी तिचं नाव विचारायचं, आणि शेवटपर्यंत तिला नावानं हाक मारायची. "'ए बाई, जोर लाव' म्हणणाऱ्या पोरीनं माह्या वर्गात बसू नये," त्या म्हणत. "तिचं नाव घ्या. त्या टायमाले तिले तिचंच नाव आठवत नसते. आपण आठवण द्यायची असते."

राग आला की त्यांचा आवाज वर न जाता खाली यायचा. साधा राग मराठीत. मोठा राग हिंदीत. आणि त्याच्याही पलीकडचा गोरबोलीत, त्यांच्या आईच्या भाषेत. त्यात 'याडी' म्हणजे आई, एवढा एकच शब्द मला कळे. पण तो ऐकू आला की मी हजेरीचं रजिस्टर घेऊन दुसऱ्या खोलीत जात असे.

पहिल्यांदा तो मी ऐकला मॉडेलवरून. बाळंतपण शिकवायला आमच्याकडे एक रबरी मॉडेल होतं. आलं तेव्हापासून ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात. तपासणी आली की बाहेर, गेली की आत. स्टॉक रजिस्टरला मीच लिहिलं होतं, 'सुस्थितीत'. मॅडमनी कपाटाची किल्ली मागितली. मी म्हटलं, साहेबांची परवानगी लागेल, खराब झालं तर?

"खराब?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बाबू, हे खराब व्हायसाठीच आणते. याच्यावर पोरी चुकल्या तं कोणी मरत नाई." मग ती अगम्य भाषा सुरू झाली आणि मी किल्ली देऊन टाकली. वर्ष संपेपर्यंत त्या मॉडेलची पार दशा झाली. मुलींनी त्याचं नाव गंगूबाई ठेवलं होतं, आणि हात लावायच्या आधी त्या खरंच म्हणत, "गंगूबाई, घाबरू नका हं."

आणखी एक प्रसंग त्यांच्या पहिल्याच वर्षीचा, आदल्या बॅचच्या निरोप समारंभाचा. मांडव, फुगे, पांढऱ्या कडक कपड्यांत मुली, हातात पणत्या. साहेबांनी नेहमीचं भाषण केलं. मुलींनो, तुम्ही सेवेच्या देवता आहात, पांढऱ्या कपड्यातले देवदूत आहात. टाळ्या झाल्या. मग राठोड मॅडमना दोन शब्द बोलायला सांगितलं. माईक त्यांच्या उंचीला आणेपर्यंत थांबायची त्यांची तयारी नव्हती.

"पोरींनो," त्या तशाच म्हणाल्या, "कोणी देवदूत म्हणलं का पहिले विचारायचं, ड्युटी किती तासाची? देवदूताले भूक लागत नाई, झोप लागत नाई. तुमाले लागते. जिथी लागाल तिथी तीन गोष्टी पाहा. हात धुवाले पाणी हाये का, बाथरूमले आतून कडी हाये का, अन चुकलं तं सांगाले वर कोणी हाये का. नसन तं परत या."

परत येतात मुली. हे मी ऑफिसच्या खिडकीतून वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. निकालाच्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन येतात, वाकून नमस्कार करतात, मला, कारकुनाला. सहा महिन्यांनी त्याच मुली त्याच चपलांत व्हरांड्यात उभ्या असतात. हॉस्पिटलनं मूळ कागदपत्रं ठेवून घेतली, नोकरी सोडू देत नाहीत. बारा तास उभं ठेवतात. पेशंट दगावला की 'सिस्टरची चूक', बरा झाला की डॉक्टरचा हातगुण. बापानं दोन वर्षं शिकवलं ते पोरगी सिस्टर होईल म्हणून, आणि तिला दिवसभर हाक ऐकू येते 'ए पोरी'. फार संताप येतो. मला संताप आला की मी चहा सांगतो. त्या मुलीला पाजतो, एक मीही घेतो, आणि पुढच्या बॅचच्या प्रवेशाची जाहिरात टाइप करायला घेतो.

राठोड मॅडमचा संताप चहावर भागत नसे. वह्यांवर रेघा मारल्या त्याच दुपारी त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या. मी फाइल घेऊन दाराशी होतो, म्हणून ऐकलं.

"सही केली नाही तर बत्तीस मुलींचं वर्ष जाईल, मॅडम. तुम्हाला चालेल?" साहेब म्हणाले.

"सही केली तं किती बायांचा जीव जाईन, हे तुमाले चालते काय?"

"सगळीकडे असंच चालतं."

"म्हणूनच तं मी सही करत नाई."

पण खरी लढाई केबिनमध्ये नव्हतीच, ती वर्गात होती. मुलीच त्यांच्यावर उलटल्या. का उलटणार नाहीत? निशा सगळ्यांत पुढे होती. नेरजवळच्या खेड्यातली, उंच, हुशार, बोलायला फटकळ.

"मॅडम, तुमची एक सही. तुमचं काय जाते?" ती म्हणाली. "माह्या बापानं गावात सांगून ठेवलं हाये, पोरगी जूनमध्ये नोकरीले लागते. आम्ही कायले भोगाव? काउंटरवर आम्हाले तुमच्याच स्कूलनं उभं केलं न?"

मॅडम पाटावरून खाली उतरल्या. खाली उतरल्यावर त्या निशाच्या खांद्याएवढ्याच भरत होत्या.

"बरोबर बोलली तू," त्या म्हणाल्या. "चूक तुमची नाई. पण हात तुमचे हायेत. उद्या उपकेंद्रात तू एकटी राहशीन, समोर बाई राहीन, तेव्हा स्कूल नाई येणार. मले एक महिना दे. सणवार काई नाई, रविवार नाई. सही पाह्यजे न? करतो. पण टेबलावर नाई. तुह्या हाताचं पाणी सुकायच्या आत, तिथीच, उभ्यानं."

महिनाभर मग त्या मुलींना घेऊन फिरल्या. सरकारी दवाखान्यांत त्यांच्या हाताखाली शिकलेल्या सिस्टर जागोजागी होत्या. कोणी यवतमाळात, कोणी दारव्ह्याला. पाच-पाच मुलींचा गट, सकाळची एसटी, नाही मिळाली तर जीप, आणि मॅडमच्या मांडीवर तो पाट. परवानगीचं पत्र मी टाइप केलं. घरी मी ऐटीत सांगतो की ते पत्र मी साहेबांच्या सह्यांच्या गठ्ठ्यात धाडसानं घुसवलं. खरं म्हणजे काय टाइप करून राहिलो हे मी वाचलंच नव्हतं, आणि सही करताना साहेबांनीही वाचलं नाही. आमच्या स्कूलमध्ये झालेलं ते एकमेव चांगलं काम दोघांच्या निष्काळजीपणानं झालं.

त्या महिन्यात मुली बदलताना मी पाहिल्या. संध्याकाळी एसटीतून उतरायच्या तर कपड्यांवर डाग, डोळे तारवटलेले, आणि बोलणं मोठमोठ्यानं. "बाबूजी, आज रडलंच नाई बाळ, मग मॅडमनं पाठ चोळाले लावली, अन असं कोकललं!" वह्यांमध्ये आता वेडीवाकडी अक्षरं यायला लागली. सव्वादोन किलो, तीन किलो शंभर, एक किलो नऊशे. पावणेतीनचं एकही नाही.

मुदत संपली तेव्हा एकतीस वह्या पुऱ्या होत्या. निशाची नव्हती. मध्ये तिला आठ दिवस ताप आला होता. तीन बाळंतपणं कमी पडत होती.

"मॅडम, तीनच!" निशा रडत होती. तिचा बाप ऑफिसच्या पायरीवर टोपी हातात घेऊन बसला होता. मलाही वाटलं, तीनच तर आहेत. तसं मी म्हणालोही.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "कोणत्या तीन बायांले सांगू, बाबू, का हे पोरगी तुमच्यापुरती कच्ची हाये?" त्यांनी विचारलं. "तुमाले तिघी निवडाले सांगतल्या तं कोणत्या निवडसान?"

त्यांनी सही केली नाही. पंधरा दिवस मागितले, फॉर्म उशिरा भरू म्हणाल्या. साहेबांना त्या आधीच डोईजड झाल्या होत्या. त्यांनी सांगितलं, उद्यापासून यायची गरज नाही. आणि त्याच संध्याकाळी मला बोलावून म्हणाले, "वानखडे, तुमचं अक्षर छान आहे."

तर ही तिसरी खेप. निशाच्या वहीत मी तीन ओळी लिहिल्या. दोन नावं सुचली. तिसरं सुचेना. बाहेर निशाचा बाप बसलेला, साहेब घड्याळ पाहत असलेले. मी पुन्हा मंदाचं नाव लिहिलं. या वेळी तारखा मात्र नीट तपासल्या. पावणेतीन किलो, मुलगा. सही साहेबांच्या मेहुणीनं केली. ती कागदोपत्री आमच्याकडे शिक्षिका होती आणि मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. शिक्का मी मारला.

दुसऱ्या दिवशी राठोड मॅडम येऊन पाट घेऊन गेल्या. ऑटोत बसताना एवढंच म्हणाल्या, "बाबू, गंगूबाईले परत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका." मी मान डोलावली. महिन्याभरात ती गुंडाळली गेली. गुंडाळणारा मीच.

निशा पास झाली. दारव्ह्याकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात तिला कंत्राटी नोकरी मिळाली. पेढे आणून दिले. मी खाल्ले.

मागल्या हिवाळ्यात माझी भाची दारव्ह्याच्या सरकारी रुग्णालयात बाळंत झाली. मंदानं दिलेला डबा घेऊन मी दुपारी तिथं गेलो. व्हरांड्यात पोचतो तर लेबर रूमचं दार उघडून निशा बाहेर आली, कोपरापर्यंत हात ओले. तिच्यामागून बगलेत पाट धरून राठोड मॅडम. केस पार पांढरे झाले होते. दोघींनी मला पाहिलं नाही. खिडकीच्या कट्ट्यावर निशानं पिशवीतून एक वही काढली. मी ती दुरूनच ओळखली. पुठ्ठ्यावर माझं सुंदर अक्षर होतं.

मी जवळ जाऊन म्हटलं, "मॅडम, आता कायले? पोरगी पास झाली, नोकरीले लागली."

"तुमच्या वहीत पास झाली," मॅडम म्हणाल्या.

निशा माझ्याकडे न पाहता बोलली. "पहिल्याच आठवड्यात एक बाई आली, बाबूजी. सगळं बरोबर होतं, घरच्या घरी सुटली असती. माहे हातच उठेनात. वहीतल्या तीन ओळी दिसत होत्या मले डोळ्यासमोर. म्या तिले गाडीत टाकून इकडे पाठोलं. ते रस्त्यातच बाळंत झाली. जीपमध्ये." तिनं वही आपल्याकडे ओढली. "दोघंही वाचले. तिच्या सासूनं केलं सगळं. मंग म्या मॅडमले फोन लावला. सुट्टीच्या दिवशी येतो इथी. आज तिसरं झालं."

तिनं पान उघडलं. त्या पानावरच्या पहिल्या दोन नावांवर आधीच रेघा होत्या आणि वर दुसरी नावं होती. तिसऱ्या ओळीवर तिनं रेघ ओढली. मंदा वानखडे, मुलगा, पावणेतीन. वरच्या जागेत, ओल्या बोटांनी कागद भिजवत, तिनं लिहिलं, 'सुनंदा'. मग वय, तारीख, मुलगी, वजन. मॅडमनी पाट खाली ठेवला, त्यावर चढल्या, कट्टा आता त्यांच्या हाताला आला, आणि उभ्यानं सही केली. त्या सहीला कुठल्याही ऑफिसात कवडीची किंमत नव्हती. हे मला नाही तर कोणाला माहीत असणार?

पेनाला टोपण लावून त्या माझ्याकडे वळल्या. माझ्या हातातला डबा त्यांनी पाहिला.

"भाचीले देता? हात धुतले काय?"

मी धुऊन आलो तोवर व्हरांड्यात कोणी नव्हतं. आतून मॅडमचा आवाज मात्र येत होता, कोणाचंतरी नाव घेऊन हाक मारत असलेला.

घरी येऊन मी सगळं मंदाला सांगितलं. सवयीनं रंगवूनच सांगितलं. पाटाचं, पेढ्यांचं, आणि शेवटी, "तर अशी तू तीनदा बाळंत झाली अन तिन्ही वेळा रद्द झाली." असल्या वाक्याला पंगतीत हमखास हशा येतो. मंदा भाकरी थापत होती. ती थांबली नाही.

"आपली सोनल झाली तेव्हा तिचं वजन किती होतं?" तिनं विचारलं.

मी आठवायला लागलो. त्या दिवशी मी दवाखान्यासमोरच्या पानठेल्यावर खर्रा घोटून घेत होतो, एवढंच आठवलं.

भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "दोन किलो सहाशे. लिहून ठेवा कुठीतरी."